टेस्टमध्ये ब्राउझर मराठीत का येत नाही? भाषा सेट करायची पायरीवार पद्धत

साइटची ऑटोमेटेड टेस्ट लिहिताना क्रोमच्या ऑप्शन्समध्ये लँगचा फ्लॅग (ब्राउझर सुरू करताना द्यायची सूचना) टाकला, एमआर (मराठीचा कोड) दिलं, तरी साइट इंग्रजीतच उघडली. मग कोणीतरी सांगितलं प्रेफरन्स टाक, तो टाकला तर आपल्या लॅपटॉपवर चाललं पण सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) परत इंग्रजी. हा घोळ टीममागून टीममध्ये होत राहतो कारण सगळे 'ब्राउझरची भाषा' म्हणजे एकच बटण आहे असं धरून सुरुवात करतात. एक बटण नाहीये ते. चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, चारही वेगवेगळ्या ठिकाणाहून सेट होतात, आणि तुमची साइट त्यातली नेमकी कुठली वाचते हेच माहीत नसेल तर दिवसभर फ्लॅग बदलत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

खालचं बरंचसं सेलेनियम आणि क्रोमबद्दल आहे कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो, प्लेराइट आणि सायप्रेसचं नंतर थोडक्यात आहे (सेलेनियमसकट ही तिन्ही ब्राउझर कोडने चालवून टेस्ट करायची साधनं). कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, एडिटरमध्ये टाकताना नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

## पायरी १: साइट भाषा कुठून उचलते ते आधी शोधा

कोडला हात लावायच्या आधी हे करा. डेव्हलपरला सरळ विचारा, "पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुठली भाषा दाखवायची हे कोण ठरवतं?" उत्तर साधारण यातलं एक किंवा यांचं मिश्रण असतं: यूआरएलमधला भाग (स्लॅश एमआर वगैरे), कुकी, लोकल स्टोरेज, लॉगिन केलेल्या यूजरच्या प्रोफाइलमधली भाषा, आयपीवरून काढलेला देश, ब्राउझरने पाठवलेला ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर (रिक्वेस्टबरोबर जाणारी पसंतीच्या भाषांची यादी), किंवा जावास्क्रिप्टमधलं नॅव्हिगेटर डॉट लँग्वेज.

यात क्रम महत्त्वाचा. जँगोचं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) लोकेल मिडलवेअर आधी यूआरएलचा प्रीफिक्स बघतं (तो वापरला असेल तर), मग कुकी, मग हेडर, आणि काहीच जुळलं नाही तर सेटिंग्जमधला लँग्वेज कोड. आय-एटीन-नेक्स्टचा (भाषांतराची जावास्क्रिप्ट लायब्ररी) ब्राउझर डिटेक्टर जसाच्या तसा ठेवला असेल तर आधी क्वेरी स्ट्रिंग, मग कुकी, लोकल स्टोरेज, सेशन स्टोरेज, आणि त्यानंतर कुठे नॅव्हिगेटर. म्हणजे ब्राउझरच्या भाषेचा नंबर दोन्हीकडे मागेच लागतो, आणि जुनी कुकी पडलेली असेल तर तुम्ही ब्राउझर कितीही मराठी करा, काही फरक पडणार नाही.

डेव्हलपर हाताशी नसेल तर स्वतः बघा. इन्कॉग्निटो विंडो उघडा, साइट लोड करा, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिली रिक्वेस्ट आणि तिचा रिस्पॉन्स बघा. रिस्पॉन्सचं एचटीएमएल आलं तेव्हाच मजकूर ठरलेला होता की पान लोड झाल्यावर जावास्क्रिप्टने बदलला? पहिलं असेल तर हेडर-कुकीचा मामला, दुसरं असेल तर नॅव्हिगेटर किंवा स्टोरेज.

तपासा: "आमची साइट भाषा अमुक ठिकाणाहून घेते" हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: चार गोष्टी वेगळ्या करा

पहिली, ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर. सर्व्हरला हाच दिसतो.

दुसरी, नॅव्हिगेटर डॉट लँग्वेज आणि लँग्वेजेस. हे पानातल्या जावास्क्रिप्टला दिसतं. साधारणपणे हेडर आणि हे एकाच यादीतून येतात, पण तुम्ही हेडर मधल्या मधे प्रॉक्सीने किंवा एक्स्ट्रा हेडरने बदललात तर हे तसंच राहतं. मग सर्व्हर मराठी पान पाठवतो, जावास्क्रिप्ट लोड झालं की इंग्रजी करतं, आणि तुमची टेस्ट कधी पास कधी फेल. रिॲक्टवाल्या साइटवर वरून हायड्रेशनचा (सर्व्हरचं आणि जावास्क्रिप्टचं पान न जुळल्याचा) एरर मिळतो तो वेगळाच.

तिसरी, ब्राउझरची स्वतःची भाषा, म्हणजे मेनू, बटणं, वॉर्निंग कुठल्या भाषेत दिसतात ती. आपल्याला मेनूशी काय करायचंय असं वाटेल, पण रिकामं फील्ड सबमिट केल्यावर 'हे फील्ड भरा' छापाचा जो फुगा येतो तो याच भाषेत येतो, डेट इनपुटमध्ये आधी महिना की आधी तारीख तेही बऱ्याचदा इथूनच ठरतं, आणि इंटलची (जावास्क्रिप्टमधली तारीख-आकडे फॉरमॅट करायची सोय) डिफॉल्ट लोकेल, म्हणजे कोडमध्ये भाषा न देता तारीख किंवा आकडा फॉरमॅट केला तर जी वापरली जाते तीही क्रोममध्ये इथूनच येते.

चौथी टाइमझोन. भाषा नाही खरं तर, पण भाषेच्या टेस्ट हमखास फोडणारी म्हणून यादीत. सीआयचं मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, आणि आपल्याकडे रात्रीचा १ वाजलेला असतो तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात असतात. 'आज' लिहिलेली प्रत्येक टेस्ट तेवढ्या वेळात लाल.

पायरी १ चं उत्तर या चारांशी जुळवा आणि तेवढंच सेट करा. साइट फक्त हेडर वाचत असेल तर ब्राउझरचा मेनू मराठी करायच्या नादाला लागू नका, त्यात वेळ जातो.

## पायरी ३: मशीन तयार ठेवा

कोरी प्रोफाइल. यूजर डेटा डिरेक्टरी देऊन जुनी प्रोफाइल वापरत असाल तर ती आधी काढा. तिच्यात जुनी भाषांची यादी, जुन्या कुकी सगळं असतं. लॉगिन वाचवायला लोक प्रोफाइल पुन्हा पुन्हा वापरतात आणि मग भाषा का बदलत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

फॉन्ट. डॉकरमधल्या छोट्या लिनक्स इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट बहुतेक वेळा नसतो. टेस्ट पास होईल, कारण टेक्स्ट डॉममध्ये (पानाच्या आतल्या रचनेत) बरोबर आहे, पण स्क्रीनशॉटमध्ये नुसते चौकोन. डेबियन-उबुंटूवर फॉन्ट्स-नोटो-कोअर किंवा फॉन्ट्स-लोहित-देवा पॅकेज टाका. बटणाची रुंदी, ओळ तुटणं असलं काही तपासत असाल तर फॉन्ट सगळ्या मशीनवर एकच हवा, नाहीतर स्क्रीनशॉट जुळणारच नाहीत.

कोड ठरवा. एमआर हायफन आयएन. हायफनच, अंडरस्कोर नाही. आयएन कॅपिटल लिहायची सवय ठेवा, कारण साइटच्या कोडमध्ये कोणीतरी सरळ स्ट्रिंग जुळवत असेल तर लहान-मोठ्या अक्षराने घोटाळा होतो. आणि साइटने फाइल नुसत्या एमआर नावाने ठेवली असेल आणि तुम्ही एमआर-आयएन पाठवत असाल तर ती एमआरवर उतरते का हीसुद्धा एक टेस्टच आहे, ती मुद्दाम लिहा, कारण खऱ्या लोकांच्या ब्राउझरमध्ये दोन्ही प्रकार असतात.

## पायरी ४: सेलेनियम आणि क्रोम

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. सगळी सेटिंग ड्रायव्हर (ब्राउझर चालवणारा ऑब्जेक्ट) बनायच्या आधी. ड्रायव्हर सुरू झाल्यावर ऑप्शन्सच्या ऑब्जेक्टमध्ये काहीही घाला, ब्राउझर तोवर उठून बसलेला असतो, एररही येत नाही आणि परिणामही होत नाही.

१. क्रोम ऑप्शन्सचा ऑब्जेक्ट बनवा.

२. ॲड एक्स्पेरिमेंटल ऑप्शनने 'प्रेफ्स' नावाची डिक्शनरी द्या, त्यात की 'इंटल डॉट ॲक्सेप्ट अंडरस्कोर लँग्वेजेस' आणि व्हॅल्यू स्वल्पविरामाने जोडलेली यादी: एमआर-आयएन, एमआर, ईएन-आयएन, ईएन. हेडर आणि नॅव्हिगेटर दोन्हीचं काम यातच होतं. यादी सलग लिहा, मध्ये स्पेस नको.

सावधान: व्हॅल्यूमध्ये क्यू इज इक्वल टू शून्य पॉइंट नऊ (भाषेची पसंती किती ते सांगणारा आकडा) असलं काही लिहू नका. ते क्रोम स्वतः तयार करून हेडरला लावतं. हेडर जसाच्या तसा कॉपी करून प्रेफरन्समध्ये चिकटवला की यादीत भलतेच तुकडे जातात आणि मराठी कधी लागते कधी नाही.

३. ब्राउझरची स्वतःची भाषा पण हवी असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम बघा. विंडोजवर लँगचा फ्लॅग चालतो. लिनक्सवर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तिथे क्रोम लँग्वेज नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतं आणि ते क्रोमड्रायव्हर सुरू होतानाच त्याच्या प्रोसेसला मिळालेलं असायला हवं, कारण क्रोम हे क्रोमड्रायव्हरचं पोर आहे, त्याच्याकडूनच त्याला सगळं मिळतं. ग्रिडवर (दुसऱ्या मशीनवर टेस्ट चालवायची सेलेनियमची सोय) चालवत असाल तर व्हेरिएबल नोडच्या कंटेनरमध्ये टाका, तुमच्या लॅपटॉपवर टाकून काही उपयोग नाही. मॅकवर क्रोम सिस्टिमची भाषा उचलतं. लॅपटॉपवर चालतं-सीआयवर नाही या तक्रारीत हाच मुद्दा पहिल्यांदा बघावा, कारण लॅपटॉप विंडोज असतो आणि सीआय लिनक्स.

४. हेडलेस (खिडकी न दाखवता) चालवायचं असेल तर नवा हेडलेस मोड वापरा, म्हणजे फ्लॅगमध्ये हेडलेस इज इक्वल टू न्यू. जुना हेडलेस हा वेगळाच प्रोग्रॅम होता आणि प्रेफरन्स धड ऐकत नसे. इंटरनेटवर सापडणारी बरीच जुनी उत्तरं त्याच्याशी मारामारी करण्याबद्दल आहेत, ती आता सोडून द्या.

५. आता ड्रायव्हर बनवा, आणि मगच साइट उघडा.

चालू सेशनमध्येच भाषा बदलायची असेल तर डेव्हटूल्स प्रोटोकॉलची वाट आहे. 'नेटवर्क डॉट सेट यूजर एजंट ओव्हरराइड'मध्ये ॲक्सेप्ट लँग्वेज देता येतं, त्याने हेडर आणि नॅव्हिगेटर बदलतात. पण त्यात यूजर एजंट (ब्राउझर आपली ओळख सांगतो ती ओळ) द्यावाच लागतो, तर आधी नॅव्हिगेटरमधून खरा यूजर एजंट वाचून घ्या आणि तोच परत द्या, उगाच काहीतरी ठोकलं तर साइट तुम्हाला मोबाइल किंवा बॉट समजेल. इंटलसाठी वेगळी कमांड, 'इम्युलेशन डॉट सेट लोकेल ओव्हरराइड', आणि गंमत म्हणजे इथे अंडरस्कोरवाला कोड लागतो, एमआर अंडरस्कोर आयएन. टाइमझोनला 'सेट टाइमझोन ओव्हरराइड'.

सावधान: हे ओव्हरराइड त्या टॅबपुरतेच असतात. लिंक नव्या टॅबमध्ये उघडली की तिथे परत जुनी भाषा. पेमेंट किंवा पीडीएफ नव्या टॅबमध्ये उघडणाऱ्या साइटवर हे हमखास होतं.

फायरफॉक्स, एज, सफारी. एज म्हणजे क्रोमचाच भाऊ, ऑप्शन्सचा क्लास बदला, प्रेफरन्स तोच. फायरफॉक्समध्ये पण प्रेफरन्सचं नाव तेच, फक्त सेट प्रेफरन्सने द्यायचं. मात्र फायरफॉक्सचा स्वतःचा इंटरफेस मराठीत हवा असेल तर मराठी लँग्वेज पॅक बसवून 'इंटल डॉट लोकेल डॉट रिक्वेस्टेड'ला एमआर द्यावं लागतं. नुसत्या यादीने पानाची भाषा बदलेल, फुगे इंग्रजीच राहतील. सफारीला असलं सेटिंग नाही, मॅकची भाषा बदला नाहीतर सफारीत यूआरएल किंवा कुकीने भाषा लावा.

## पायरी ५: भाषा लागली का ते छापून बघा

ही पायरी सगळे गाळतात. साइट उघडल्याबरोबर, एकही असर्ट (अपेक्षित निकाल जुळतो का ते तपासणारी ओळ) करायच्या आधी, एक्झिक्यूट स्क्रिप्टने चार गोष्टी काढून लॉगमध्ये टाका:

- नॅव्हिगेटर डॉट लँग्वेजेस
- इंटल डेट टाइम फॉरमॅटच्या रिझॉल्व्हड ऑप्शन्समधली लोकेल
- त्याच्यातलाच टाइमझोन
- डॉक्युमेंटच्या एचटीएमएल टॅगचा लँग

हेडर असा दिसत नाही, त्याला सर्व्हर लागतो. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये आलेले हेडर परत दाखवणारं छोटं पान डेव्हलपरकडून करून घ्या, पाच ओळींचं काम आहे.

आता निकाल वाचा. लँग्वेजेसमध्ये मराठी आहे पण एचटीएमएलचा लँग इंग्रजी आहे, तर ब्राउझर बरोबर आहे, साइट किंवा कुकी बघा. लँग्वेजेसमध्येच इंग्रजी, तर तुमचं सेटिंग लागलेलं नाही. लँग्वेजेस आणि हेडर दोन्ही मराठी, कुकीही साफ आणि पान तरीही इंग्रजी, तर मध्ये कॅश असू शकते: सीडीएनने (पानांच्या प्रती साठवून देणाऱ्या सर्व्हरने) आधीच्या कोणाचं तरी इंग्रजी पान तुम्हाला दिलं, रिस्पॉन्समध्ये 'व्हॅरी' हेडरमध्ये ॲक्सेप्ट-लँग्वेज आहे का बघा, नसेल तर हा बग आहे, खुशाल नोंदवा.

सावधान: हेडरची अख्खी स्ट्रिंग तंतोतंत जुळवू नका. इन्कॉग्निटोमध्ये क्रोम यादी छाटतं, व्हर्जनप्रमाणे क्यूचे आकडे मागेपुढे होतात. सुरुवात एमआरने होते का एवढंच बघा. तसंच टाइमझोन तपासताना क्रोम बऱ्याचदा आशिया स्लॅश कलकत्ता असं जुनं नाव परत देतं, सेट करताना कोलकाता दिलं तरी. दोन्ही चालवून घ्या.

## पायरी ६: प्लेराइट आणि सायप्रेसवाल्यांसाठी

प्लेराइटमध्ये हे काम सुखाचं आहे. कॉन्टेक्स्टला (ब्राउझरमधल्या स्वतंत्र सेशनला) लोकेल एमआर-आयएन आणि टाइमझोन आयडी आशिया-कोलकाता द्या, हेडर, नॅव्हिगेटर, इंटल तिन्ही बदलतात, आणि प्रत्येक कॉन्टेक्स्ट वेगळा असल्याने एकाच ब्राउझरमध्ये मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी चालतात. काहीच दिलं नाही तर प्लेराइट टेस्ट ईएन-यूएस धरतं, तुमच्या मशीनची भाषा नाही. ब्राउझरचा स्वतःचा इंटरफेस मात्र याने बदलत नाही.

खड्डा एकच: स्टोरेज स्टेट. लॉगिन एकदा करून फाइल सेव्ह केली, तीच सगळ्या भाषांच्या टेस्टला दिली, आणि त्या फाइलमध्ये इंग्रजीची कुकी बसलीये. प्रत्येक भाषेची लॉगिन फाइल वेगळी करा किंवा फाइल वाचताना भाषेची कुकी आणि लोकल स्टोरेजची नोंद उडवा.

सायप्रेसमध्ये व्हिजिटला हेडर देता येतो पण तो त्या एका रिक्वेस्टपुरता. नॅव्हिगेटर बदलायचा असेल तर 'विंडो बिफोर लोड'च्या इव्हेंटमध्ये बदला, नुसत्या व्हिजिटच्या ऑन बिफोर लोडमध्ये नको, कारण पुढे लिंकवर क्लिक होऊन नवं पान आलं की तो चालत नाही. 'बिफोर ब्राउझर लाँच'मध्ये प्रेफरन्स टाकणं जास्त भक्कम, पण मग टेस्ट क्रोममध्येच चालवा. सायप्रेस रन ब्राउझर न सांगता चालवलं तर इलेक्ट्रॉन घेतं आणि तुमचा क्रोमचा प्रेफरन्स तिथे कोणी विचारत नाही.

## पायरी ७: असर्ट लिहिताना मराठीचे स्वतःचे काटे

भाषा लागली, आता टेस्ट वेगळ्याच कारणाने पडायला लागतात. पुढचा भाग फक्त मराठीसाठी आहे, जर्मन किंवा फ्रेंचच्या ट्युटोरियलमध्ये तो सापडणार नाही.

आकडे. इंटलला एमआर-आयएन दिलं की आकडे देवनागरीत येतात: १,२३,४५६. हिंदीला दिलं की इंग्रजी आकडे येतात. दोघांची लिपी एक पण डिफॉल्ट वेगळा. हिंदीची टेस्ट कॉपी करून भाषा मराठी केली की रकमेचा प्रत्येक असर्ट पडतो. आधी टीमला विचारा की साइटवर कुठले आकडे हवेत. इंग्रजी हवे असतील तर कोडमध्ये लोकेलला यू-एनयू-लॅटन जोडावं लागतं, टेस्टमध्ये रिप्लेस करून लपवू नका. आणि आकडा परत मोजायला घेणार असाल, बेरीज वगैरे, तर तुमच्या भाषेचं पार्स फंक्शन देवनागरी अंक घेतं का बघा: पायथनचं इंट घेतं, जावास्क्रिप्टचं पार्स इंट नॅन देतं.

डोळ्यांना सारखं, मशीनला वेगळं. 'ॲप' दोन प्रकारे टाइप होतं: ॲ हे एकच अक्षर म्हणून, किंवा अ वर ॲचा चंद्र वेगळा देऊन. 'दुसऱ्या' मधला ऱ्य पण तसाच, नुक्त्याचा ऱ घेऊन किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जॉइनर घेऊन. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, असर्ट म्हणतो वेगळे, आणि एरर मेसेजमध्ये दोन हुबेहूब ओळी एकाखाली एक. युनिकोड नॉर्मलाइज करून यातलं काहीच सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. उपाय म्हणजे टेस्टमध्ये मराठी मजकूर हाताने टाइपच करायचा नाही. साइटच्या भाषांतराच्या फाइलमधून की वापरून वाचा आणि पानावरचा मजकूर त्याच्याशी जुळवा.

एलिमेंट शोधायला तर मराठी मजकूर अजिबात नको. आयडी किंवा डेटा-टेस्ट-आयडी वापरा, नाहीतर 'पुढे जा'चं उद्या 'पुढे' झालं की लोकेटर मेला.

डेट इनपुट. सेंड कीजने (सेलेनियमची टाइप करायची कमांड) तारीख भरताना क्रम ब्राउझरच्या भाषेप्रमाणे बदलतो. ५ ऑगस्ट टाकायला जाल आणि ८ मे पडेल, एररही येणार नाही. जावास्क्रिप्टने वर्ष-महिना-दिवस अशी व्हॅल्यू सेट करून इनपुट आणि चेंजचे इव्हेंट फायर करा. प्लेराइटचं फिल हाच फॉरमॅट घेतं.

फुगे. ब्राउझरच्या व्हॅलिडेशन मेसेजचा मजकूर असर्ट करू नका. व्हॅलिडिटी ऑब्जेक्टमधलं व्हॅल्यू मिसिंग ट्रू आहे का बघा, ते कुठल्याही भाषेत सारखंच.

## पायरी ८: सीआयवर चालवताना

भाषा कोडमध्ये कोरून ठेवू नका, बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या, आणि पॅरामीटर दिला नाही तर टेस्टने डिफॉल्टवर न जाता तिथेच थांबायला हवं. गुपचूप इंग्रजीत पास झालेला मराठीचा रन मी तरी लाल रनपेक्षा वाईट समजतो.

सगळ्या टेस्ट सगळ्या भाषांत चालवायची हौस करू नका. पूर्ण संच एका भाषेत, आणि बाकी भाषांत फक्त भाषेमुळे तुटू शकणाऱ्या गोष्टी: पहिलं पान, भाषा बदलायचं बटण, फॉर्म, रक्कम आणि तारखा, ईमेल-एसएमएसचा मजकूर. त्यातच एक टेस्ट अशी ठेवा की ब्राउझरला साइटकडे नसलेली भाषा सांगायची, समजा कोकणी, कोड केओके, आणि साइट कशावर उतरते ते बघायचं. गोव्यातला यूजर ब्राउझर कोकणीत ठेवून आला तर त्याला मराठी दाखवायची की इंग्रजी हे बऱ्याच टीमनी ठरवलेलंच नसतं, ते प्रॉडक्टवाल्याकडून लेखी घ्या आणि मगच असर्ट लिहा.

रिपोर्टमध्ये फेल झालेल्या टेस्टच्या स्क्रीनशॉटखाली पायरी ५ मधल्या त्या चार ओळी चिकटवायची सोय करा. सकाळी पाइपलाइन लाल दिसली की आधी त्या ओळी वाचा, स्क्रीनशॉट नंतर.